तांडेल हसू लागला

होळी पेटली, कोळीवाड्यानं एकसाथ बोंब ठोकली, आणि त्या बोंबेच्या वर चढलेला आवाज माझ्या बापाचा आहे हे मला आधी कळलंच नाही.

किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या होडीवर तो उभा होता. टोपी कुठेतरी पडली होती, सदऱ्याची बटणं उघडी होती आणि तोंडातून शिमग्याची अशी अस्सल गाणी वाहत होती की पुढच्या बाया पदर तोंडात कोंबून मागे सरकल्या.

"अरं, हा जोमा काय?" पदाकाकांनी माझा दंड धरला. "आपला जोमा?"

"बाच हाय," मी म्हणालो.

"त्याना कोनी पाजली?"

"तो पीत नाय काका. तुमाना ठाव हाय."

पदाकाका बापाचे चुलतभाऊ, आणि आमच्या होडीचं इंजिन त्यांच्याकडे. जन्म बापाच्या शेजारी काढलेला माणूस, पण त्यांनाही हे नवं होतं. ते थोडा वेळ तसेच बघत राहिले, मग त्यांनाच हसू फुटलं, आणि त्यांच्यामागे सगळा वाडा हसला. पोरांनी ढोल आणला. कुणी तरी बापाच्या गळ्यात फाटकं जाळं घातलं. तो होडीवर नाचला, घसरला, पुन्हा चढला.

शिमग्यात शिव्यांना माफी असते. वर्षभर ज्याच्यासमोर मान वर करायची नाही त्याच्या नावानं त्या दिवसांत खुशाल बोंब मारावी, तो रागावला तर त्याचाच कमीपणा. त्यामुळे जोमा तांडेलाला कंठ फुटला याचं कुणाला वाईट वाटलं नाही. उलट लोकांना वाटलं, बरं झालं, एकदाचा माणसात आला.

कारण माझा बाप माणसात नव्हता. तो तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा सगळा कारभार ज्याच्या हाती तो. सुकाणू त्याचं, शब्द त्याचा. आणि बापाचे शब्द मोजकेच, ते सुद्धा बहुतेक "नाय" याच अर्थाचे. आकाशात जरा डाग दिसला की इतर होड्या विचार करत बसायच्या आणि आमची वळलेली असायची. त्याला पाठीमागे "भित्रा जोमा" म्हणायचे. पण त्याच वाड्यातल्या आया पोरगा पहिल्यांदा दर्यावर पाठवायचा झाला की भित्र्या जोमाच्याच दारात येऊन उभ्या राहायच्या. त्याच्या होडीवरून गेलेला माणूस परत आला नाही असं कधी झालं नव्हतं.

तो तरुण असताना, तांडेल व्हायच्या आधी, त्याचा थोरला भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत बुडाला होता. होडीवर थट्टामस्करी चालली होती आणि दोर पायात अडकलेला कुणाच्या ध्यानात आला नाही. तेव्हापासून आमच्या होडीवर हसायला बंदी होती. घरातही ती लागू झाली कधीतरी, कुणी न सांगता.

रंगपंचमी झाली. अंगावरचे रंग धुतले गेले, ढोल माळ्यावर गेले, ज्याच्या त्याच्या जिभा जागेवर आल्या. बापाची आली नाही.

एका सकाळी जेटीवर म्हावरं उतरवत होतो. माझी आई टोपल्या घेऊन वर बाजाराच्या तोंडाशी बसली होती, बाकीच्या कोळणींबरोबर. बाप होडीवरून ओरडला, "येसू! ए येसू गो!"

आई टोपली टाकून धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. लग्न झाल्यापासून त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. "ए" नाहीतर "ऐकलास का", एवढंच. नाव घेतलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार असं तिला वाटलं.

"काय झाला? मोरू कुटं हाय?"

"मोरू हाय की ह्यो," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला. "तू ये अशी." बापानं खिशातून अबोलीची वेणी काढली आणि सगळ्या जेटीसमोर तिच्या अंबाड्यात खोवली. लाज नव्हती, काही नव्हतं. बायांनी गलका केला. आईनं "अगो बाय, येड लागला का तुमाना!" म्हणून त्याचा हात झटकला, पण वेणी काढली नाही. ती सुकून काळी पडेपर्यंत तिनं काढली नाही.

नंतर तो तिचा हात धरून गल्लीतून चालू लागला. मोरीपाशी भांडी घासत असली तर मागून येऊन पाणी उडवायचा. पन्नाशीतली माझी आई पोरीसारखी किंचाळायची. तिला मी तोवर दमलेली, चिडलेली, बाजारात भांडणारी अशीच पाहिली होती. हसली की तिच्या गालाला खळी पडते हे मला त्या चैत्रात समजलं. खोटं कशाला बोलू, मलाही तो बाप आवडला. त्यानं पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "तू बरा पोर हायस रं." मी चोवीस वर्षांचा घोडा, तोंड फिरवून दोर गुंडाळायला लागलो, डोळे भरून आले होते म्हणून.

भीती वाटायला लागली ती जेवणावरून.

आई माहेरी गेली होती. बापानंच चूल पेटवली, टोपलीच्या तळाशी राहिलेले बोंबील काढले, कालवण केलं. मी दारातून आत आलो आणि वासानंच उंबऱ्यात थांबलो. म्हावरं पार उतरलं होतं, मांजरानंही तोंड लावलं नसतं. बाप मात्र मांडी घालून भुरके मारत होता.

"बा, टाकून दे तो. सडलाय."

"कुटं सडलाय? ताजा हाय." त्यानं बोंबील नाकाशी नेला, हुंगला आणि तोंडात टाकला. "बस, जेव."

हा तो माणूस, जो जाळ्याचं तोंड वर आलं की नुसत्या वासावरून सांगायचा, हा गाळ कुठल्या खाडीचा आहे. मी त्याच्यासमोर ताट घेऊन बसलो आणि एक घासही घेतला नाही. तो माझ्या वाटचंही जेवला. मग माझ्याकडे बघून खदखदून हसला. मी काही विनोद केला नव्हता.

त्याच पंधरवड्यात शेजारच्या होडीवरचा एक पोरगा बुडाला. दोन दिवसांनी प्रेत लागलं. वाडा त्यांच्या दारात जमला होता, बाया ऊर बडवत होत्या. बाप पुढे गेला, वाकून चादर उचलून बघितली आणि मोठ्यानं म्हणाला, "फुगला बघ कसा! भोपला झाला!" आणि हसला.

रडणं थांबलं. एवढ्या बायांचं रडणं एकदम थांबलेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. त्या पोराच्या आईनं मान वर करून बापाकडे बघितलं, आणि बाप तिच्याकडे बघून हसतच राहिला, अगदी गोड, लहान पोर हसतं तसा. पदाकाकांनी आणि मी त्याला दोन्ही बाजूंनी धरून बाहेर काढला.

"मना कला नाय काय झाला ते," वाटेत तो म्हणाला. "समदी गप का झाली?"

घरी आईनं मलाच झापलं. "शिमगा उतरला नाय अजून, एवडाच. तू त्यांच्यावर डोले वटारू नको."

"आये, वैशाख लागला."

"लागू दे."

वाड्याचा एक भगत होता. त्याला विचारलं गेलं. त्यानं तांदळाचे दाणे टाकले, कौल लावला आणि सांगितलं की जोमाला दर्याचं वारं लागलंय. दर्यानंच त्याची भीती काढून घेतली. आता त्याला अडवू नका, तो नेईल तिकडे जा. आणि लोकांना ते पटलं, कारण म्हावरंच तसं मिळत होतं. आमच्या किनाऱ्यासमोर पाण्याखाली खडकांची एक रांग आहे, तिला आम्ही कासा म्हणतो. भरतीला झाकलेली, ओहोटीला दात काढून बसलेली. बापानं जन्मभर तिला लांबून वळसा घातला होता. आता तो खडकांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात होडी घालायचा आणि तिथल्या घोळांनी आणि रावसांनी टोपल्या भरून आणायचा. होडी खडकाला घासल्याचा आवाज यायचा, आम्ही होडीचा काठ धरून बसायचो आणि तो सुकाणूवर बसून गाणं म्हणायचा.

ज्यांनी त्याला भित्रा म्हटलं होतं ते आता त्याच्या पायाला हात लावून दर्यावर जायला लागले. दुसऱ्या दोन होड्या आमच्यामागून कासात शिरू लागल्या. मी पदाकाकांना म्हणालो, "काका, कुनीतरी मरंल."

"तांडेल बोलंल तसा," पदाकाका म्हणाले. त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही.

पाऊस उतरायच्या आधीचे ते शेवटचे दिवस. मग होड्या वर ओढायच्या, म्हणून जो तो शेवटची एखादी फेरी करून घेत होता. त्या दिवशी दुपारपर्यंत पाणी तेलासारखं होतं. आम्ही सहा जण होडीवर. आईनं सकाळी बापाला जेटीपर्यंत पोचवलं होतं, हातात हात घालून.

दुपारनंतर वारा पडला. अगदी मेला. पदाकाकांनी इंजिनावरून मान वर केली. नैर्ऋत्येला काळी कड धरली होती आणि तिच्या खाली पाणी पांढरं दिसत होतं. आसपासच्या होड्या एकेक करून तोंड फिरवायला लागल्या. कासात शिरणाऱ्या त्या दोन्ही होड्यासुद्धा वळल्या.

"बा, परत फिरव," मी म्हणालो.

"कशाला?"

"वर बघ."

त्यानं बघितलं. मी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होतो. लहानपणापासून मी तो चेहरा पाहिला होता, वारा फिरला की कपाळाला आठी पडायची आणि ओठ आवळले जायचे, ते दिसलं की आम्ही न सांगता जाळी ओढायला लागायचो. त्या दिवशी त्याचं कपाळ कोरं होतं. काळ्या ढगाकडे त्यानं शेजाऱ्याकडे बघावं तसं बघितलं.

"कासात म्हावरा असंल आता," तो म्हणाला. "बाकी समदी पललीत. आपलाच समदा." आणि त्यानं सुकाणू कासाकडे वळवलं.

पहिला झोत आला तेव्हा होडी एका अंगावर झोपली. टोपल्या वाहून गेल्या. कुणीतरी एकवीरा आईचं नाव घेऊन ओरडलं. पाऊस आडवा लागत होता, समोर लाटा फुटल्याचा पांढरा पट्टा दिसत होता, तोच कासा. आणि बाप हसत होता. कुणाला खिजवायला नाही, वेड्यासारखाही नाही. जत्रेतल्या पाळण्यात बसलेलं पोर हसतं तसा तो आनंदानं हसत होता, आणि मला माझ्या बापाची जेवढी भीती तेव्हा वाटली तेवढी त्या लाटांची वाटली नाही.

"काका, सुकाणू घ्या!" मी ओरडलो.

पदाकाका हलले नाहीत. तांडेल बसलेला असताना सुकाणूला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. बापाच्या आधी त्याच्या बापाच्या, आज्याच्या सुकाणूलाही कुणी हात लावला नव्हता. बापाशिवाय पाच माणसं होती होडीवर, पाचही दर्यावर वाढलेली, आणि पाचही मरायला तयार होती पण त्या लाकडाला हात लावायला तयार नव्हती. पांढरा पट्टा मोठा होत चालला होता.

"त्याचा पोर हायस तू," शेवटी पदाकाका म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "तुना चालंल. बांध त्याना."

मी जाळ्याचा दोर उचलला आणि बापाकडे गेलो. मला वाटलं होतं तो लढेल. त्याच्या दंडात तेव्हाही माझ्या दुप्पट ताकद होती. मी त्याचा हात सुकाणूवरून सोडवला, तर तो सहज सुटला. पदाकाकांनी त्याच क्षणी झेप घेऊन सुकाणू फिरवलं, होडी कण्हली आणि वळायला लागली. मी बापाला डोलकाठीशी बसवून दोर गुंडाळत होतो. गाठ बसत नव्हती.

"अशी नाय रं," बाप म्हणाला. तो माझ्या हातांकडे बघत होता. "ही सुटंल. उलटी घे. वरून घाल, आन् खालून ओढ." आणि त्यानं बांधलेल्या मनगटांतली बोटं हलवून मला दोराचं टोक कुठून घ्यायचं ते दाखवलं. मी त्यानं सांगितल्याप्रमाणे गाठ मारली. ती घट्ट बसली.

"आता कसा," तो म्हणाला, आणि पुन्हा हसायला लागला.

आम्ही परतलो. कसे परतलो ते पदाकाकांना ठाऊक. जेटीवर सगळा वाडा उभा होता, पावसात. तांडेलाला बांधून आणलेला बघून पुढची माणसं बाजूला सरली. मी दोर सोडला, बाप उठला, आईकडे बघून त्यानं हात वर केला आणि जेटीवर पाय ठेवता ठेवता आडवा झाला. डोळे वर गेले, दातखीळ बसली, सगळं अंग झटके द्यायला लागलं.

भगत पुढे आला. मी त्याला काय बोललो ते इथं लिहीत नाही, ते शिमग्यातही चाललं नसतं. टेम्पोत घालून बापाला तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, मला दोन-चार प्रश्न विचारले आणि तिथूनच मुंबईची चिठ्ठी दिली.

आई यायला तयार नव्हती. म्हणजे स्वतः यायला नव्हे, त्याला न्यायलाच. "शुद्धीवर आला ना? बोलतोय ना? मंग घरी न्या," ती टेम्पोला धरून उभी राहिली.

"आये, तो आमाना समद्यांना मारनार होता."

"मारला काय? दर्यावर नको नेऊ त्याना. घरात बसू दे. मी बघीन."

"त्याना काय झालाय ते तरी कलू दे."

"मना कलाय काय झालाय ते," ती म्हणाली, आणि टेम्पोत चढून त्याच्या शेजारी बसली.

मुंबईच्या त्या मोठ्या इस्पितळात बापाच्या डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर तळपदे म्हणून एक बाई होत्या, मेंदूची ऑपरेशनं करणाऱ्या. बारीक चणीच्या, केस पांढरे, घाई अजिबात नाही. त्यांनी बापाला डोळे मिटायला सांगितले आणि नाकाखाली कॉफीची बाटली धरली.

"काय आहे हे?"

"पानी," बाप म्हणाला.

मग त्यांनी लवंग धरली, साबण धरला. सगळ्याला तो पाणी म्हणाला, आणि शेवटी त्यांच्या गालाला हात लावून म्हणाला, "तू गोरी हायस गो." मी शरमेनं मेलो. डॉक्टरांनी त्याचा हात शांतपणे खाली ठेवला.

बाहेर त्यांनी आम्हाला उजेडाच्या काचेवर फोटो दाखवला. कपाळाच्या मागे, दोन डोळ्यांच्या मधोमध वर, पेरूएवढा पांढरा गोळा होता.

"ही गाठ मेंदूची नाही, मेंदूच्या आवरणाची आहे," त्या म्हणाल्या. "साधी गाठ असावी. बरीच वर्षं हळूहळू वाढत असणार. वासाची नस इथूनच जाते, म्हणून वास गेला. आणि हा जो दाबला गेलाय ना मेंदूचा पुढचा भाग, तो माणसाला आवरतो. हे बोलू नकोस, इथं हसू नकोस, तिकडे जाऊ नकोस, जीव जाईल. ते सांगणारं यांच्या डोक्यात सध्या कुणी नाही."

"भीती?" मी विचारलं.

"धोका दिसतो त्यांना. पण तो दिसल्यावर थांबायला हवं, ते होत नाही."

"बाहेरचा काय नाय ना? वारा बिरा?" पदाकाकांनी टोपी हातात घेऊन विचारलं.

"नाही. हे एवढंच आहे." त्यांनी गोळ्यावर बोट ठेवलं. "काढला नाही तर नजर जाईल, मग शुद्ध, मग जीव. काढला तर बहुधा पुष्कळसे पहिल्यासारखे होतील. वास मात्र परत येईल असं मी सांगत नाही."

पहिल्यासारखे. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पायाच पडलो. आई काचेकडे बघत उभी होती. पदाकाका आणि मी सही करायला निघालो तेव्हा ती मागे राहिली. मी दारातून वळून बघितलं. ती डॉक्टरांच्या अगदी जवळ गेली होती.

"बाय, एक विचारू? तो गोला समदा काडनार?"

"शक्य तेवढा सगळा काढायचा."

"थोडा ठेवता नाय येनार?"

डॉक्टरांना वाटलं तिला समजलं नाही. त्या पुन्हा सांगायला लागल्या. आईनं मान हलवली. "मना कला बाय. तो वाडला तर मरंल, कला. पन एवडासा," तिनं करंगळीचं टोक दाखवलं, "एवडासा राहू दे. तीस वरसा मी त्याच्याशी संसार केला. चांगला मानूस हाय, मारला नाय कंदी, उपाशी ठेवला नाय. पन माज्याकडं बघला पन नाय. ह्या शिमग्यापासना बघतोय. तुमी बोलता ती गाठ हाय. असंल. मना काय, मी त्या गाठीबरोबर पन राहीन."

डॉक्टर तळपद्यांनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "ते माझ्या हातात नाही हो." त्यांनी आईचा हात धरला, आणि आईनं तो धरू दिला.

मी सही केली. आईला मी याबद्दल कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

ऑपरेशन दिवसभर चाललं. गाठ सगळी निघाली. दोन-तीन दिवस बाप ग्लानीत होता, डोक्याला पांढरं फडकं, तोंड सुजलेलं. मग एका सकाळी नर्सनं आम्हाला आत बोलावलं. एका वेळी दोघंच. पदाकाका बाहेर बाकावर बसले.

बापाचे डोळे उघडे होते. तो छताकडे बघत होता. मी जवळ गेलो तशी त्याच्या कपाळावर, फडक्याच्या खाली, हळूहळू आठी पडली.

"वारा कुटचा हाय?" तो म्हणाला.

त्या खोलीला खिडकी नव्हती. "माहीत नाय बा," मी म्हणालो. "होडी वर ओढलीय. समद्या होड्या वर हायत."

त्यानं डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा त्यांत भीती होती. ती माझ्या ओळखीची होती, माझ्या लहानपणापासूनची, आणि ती बघून मला जे वाटलं ते मी कसं सांगू. "मोरू, मी तुमाना कासात नेला," तो म्हणाला. "पोरांना नेला. भरल्या वाऱ्यात नेला." त्याचे ओठ कापायला लागले, मग हात, मग सगळं अंग. नर्स धावत आली. मी त्याला धरून ठेवलं, रडत, हसत, दोन्ही. बाप परत आला होता. जन्मभर ज्या बापाला मी घाबरलो तोच, पुरता, जसाच्या तसा.

आई दुसऱ्या बाजूनं आली. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. खाटेच्या कडेवर बसून तिनं त्याचा हात हातात घेतला, शिमग्यानंतर गल्लीतून फिरताना तो घ्यायचा तसा, बोटांत बोटं घालून, आणि वाकून त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. वाट बघत राहिली.

बापानं तिच्याकडे बघितलं. ओळखलं. मग नर्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात सोडवून घेतला.

"सोड," तो म्हणाला. "लोक बघतात."

आई उठली. पदर नीट केला, खाटेवरची चादर नीट केली आणि बाहेर गेली. दार लागलं, आणि त्यामागून मला तिचं रडणं ऐकू आलं. प्रेत दारात आल्यावर आमच्या बाया ज्या सुरात रडतात तोच तो सूर होता, नाव घेऊन, ऊर बडवून. सगळा कॉरिडॉर थांबला.

मी धावत बाहेर गेलो. पदाकाका बाकावरून उठून भिंतीला टेकले होते, टोपी छातीशी धरून, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"गेला?" त्यांनी मला विचारलं.

"नाय काका," मी म्हणालो. "बरा झाला."